कच्च्या कौलांचं सिमेंट

कारखान्यात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे चिमटी म्हणत. कुठलीही भुकटी दिसली की ती अंगठा आणि बोटात धरून चोळून बघायची, ही तिची जुनी खोड. सिमेंट असो, राख असो, भिंतीचा सुटलेला रंग असो, हिची चिमटी तिथं गेलीच म्हणून समजा. एकदा साहेबांच्या टेबलावर सांडलेली साखरसुद्धा तिनं चोळून पाहिली होती आणि भर बैठकीत "जाड दळलीय" असा शेरा मारला होता.

कारखान्याची प्रयोगशाळा तिच्या एकटीच्या ताब्यात होती. कारखाना म्हणजे तरी काय, एक भलीमोठी चक्कीच. आत लोखंडी गोळे गडगडायचे आणि त्यांच्यामध्ये क्लिंकर दळलं जायचं. क्लिंकर म्हणजे चुनखडी आणि माती भयंकर आगीत भाजून तयार झालेले काळपट, गोट्यांएवढे खडे. ते दळायचे, त्यात चिमूटभर जिप्सम घालायचं, की झालं सिमेंट. पण ते खडे भाजणारी भट्टी इथं नव्हती. ती होती दूर, दोन दिवसांच्या अंतरावर, दुसऱ्याच कंपनीची. आणि त्या कंपनीनं वर्षात तिसऱ्यांदा भाव वाढवला होता.

साहेबांनी चिमटीला बोलावून घेतलं. साहेब कारखान्याचे व्यवस्थापक. आवाज मोठा, मन मऊ, आणि हे दुसरं कोणाला कळू नये म्हणून आवाज आणखी मोठा.

"शंभर भागांत पंच्याण्णव भाग क्लिंकर घालतो आपण," ते म्हणाले. "त्यातले तीस भाग काढून दुसरं काहीतरी स्वस्त घालता आलं, तर कारखाना तरेल. नाहीतर दोनातली एक पाळी बंद. निम्मी माणसं घरी."

"किती वेळ आहे?"

"तीन महिने. त्यातला निम्मा मी तुमच्यावर ओरडण्यात घालवणार. तेव्हा तुम्ही दीडच धरा."

इतर कारखाने वीजकेंद्राची राख मिसळत. इथलं वीजकेंद्र कधीच बंद पडलं होतं. पोलाद कारखान्यातली मळीही चालली असती, पण ती आणायची तर क्लिंकरपेक्षा लांबून. तेव्हा चिमटीनं गावच पालथं घातलं. फुटक्या बाटल्यांची काच आणली. खाणीतली दगडाची भुकटी आणली. तांदळाच्या गिरणीतला जाळलेला कोंडा आणला. तो लागला उत्तम, पण गावभरचा मिळून चक्कीला दुपारपर्यंत पुरला असता. शिंपल्यासुद्धा दळून झाल्या.

हे सगळं छोट्या चक्कीवर दळून द्यायचं काम दादांचं. दादा तीस वर्षं चक्की सांभाळत होते. आवाजावरून ते आतला माल ओळखत, मात्र शेजारी उभं राहून बोललेलं त्यांना ऐकू येत नसे.

"ताई, आज काय दळायचं?" ते रोज विचारत. "कालची काच अजून माझ्या दातांत करकरतेय."

महिना असाच गेला. प्रयोगशाळेत अपयशी ठोकळ्यांची रांग लागली. सिमेंटची ताकद बघायची तर त्यात वाळू आणि पाणी कालवून मुठीएवढे ठोकळे पाडायचे, पाण्यात भिजत ठेवायचे आणि मग दाबाच्या मशीनमध्ये घालून फोडायचे. ठोकळा फुटतो तेव्हा मशीनची सुई जिथं थांबते, ती त्याची ताकद. सात दिवसांच्या साध्या सिमेंटची सुई तेहतीसच्या आसपास जाई. चिमटीच्या मिश्रणांची वीसही गाठेना.

अशात एका रविवारी ती मावशीला चष्मा द्यायला गेली. मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला कौलांच्या कारखान्यात कामाला होती. फाटकाशीच फुटक्या कौलांचा डोंगर पडलेला. चिमटीनं वाकून लाल भुकटी उचलली आणि चोळली.

"झालं हिचं सुरू," मावशी म्हणाली. "आल्या आल्या निदान मला तरी विचार, कशी आहेस म्हणून."

"कशी आहेस? मावशी, यातली एक गोणी नेऊ का गं?"

"ने की. आणखी लागली तर सांग, टेम्पोवाल्याबरोबर पाठवीन."

चिमटीनं फाटकाजवळच्या ढिगातून एक गोणी भरून आणली. दुसऱ्या दिवशी वाटलं, कमी पडेल, म्हणून फोन केला. मावशीनं दुसरी गोणी पाठवून दिली.

पहिल्या गोणीचे ठोकळे सातव्या दिवशी मशीनमध्ये गेले. सुई सतरावर थांबली. चिमटीनं हात टेकले. दुसऱ्या गोणीचे ठोकळे तोवर पाण्यात पडले होते. टाकून कशाला द्यायचे, एवढ्याच विचारानं तिनं दोन दिवसांनी तेही मशीनमध्ये ठेवले.

सुई सतरावर आली. थांबली नाही. वीस. तेवीस. चिमटीनं मशीनचा दांडा धरलेला हात घट्ट केला. सव्वीस. एकोणतिसावर ठोकळा फाडकन फुटला.

साध्या सिमेंटचा ठोकळा चुकून घेतला असणार, तिच्या मनात आलं. तिनं तुकडा उचलला. आतून स्वच्छ गुलाबी. दुसरा ठोकळा तिसावर फुटला. तिसरा अठ्ठाविसावर. ती तशीच, हातात गुलाबी तुकडे घेऊन, धावत साहेबांच्या खोलीत शिरली आणि ते त्यांच्या कागदांवर ओतले.

"एकोणतीस, तीस, अठ्ठावीस!"

साहेबांनी तुकडे पाहिले, कागद पाहिले, फुंकर मारली. "छान. पुन्हा करून दाखवा."

चिमटीनं पुन्हा केलं. माल संपला होता, म्हणून कारखान्याच्या ट्रकनं कौलांच्या फाटकावरून आणखी दोन गोण्या आणवल्या. आठवडाभर तिचा पाय जमिनीवर नव्हता. आणि सातव्या दिवशी सुई सोळावर थांबली.

"एकदा लागतं आणि एकदा लागत नाही," साहेब म्हणाले, आणि या वेळी ते ओरडलेही नाहीत, हे जास्त वाईट होतं. "त्याला लॉटरी म्हणतात, बाई. सिमेंट म्हणत नाहीत."

चिमटीनं वजनं तपासली, पाणी तपासलं, वाळू तपासली. चाळणीतून भुकटी पुन्हा गाळली. कुठंच चूक नव्हती. एकच ढीग, एकच माती, आणि ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक! त्याच दुपारी ती अर्धी रजा टाकून मावशीकडे निघाली.

मावशी लांबलचक छपरीखाली बसली होती. तिच्या डाव्या हाताला भट्टीतून नुकतीच काढलेली कौलं, उजव्या हातात लाकडाची छोटी हातोडी. कौल उचलायचं, बोटांवर तोलायचं, हातोडीनं टिचकी मारायची. टण्ण. हे इकडे. टण्ण. हेही इकडे. थप्. हे मागं, भिंतीपलीकडं. एका कौलाला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नव्हता.

"मावशी, मला पाठवलेली गोणी तू कुठून भरलीस?"

"का गं? खराब निघाली?"

"नाही गं, चांगली निघाली! फाटकावरची खराब निघाली. तुझी कुठली होती?"

"मागची." मावशीनं हातोडीनंच भिंतीपलीकडं दाखवलं. "फाटकावरची फुटकी असतात, पण भाजलेली पक्की. रस्त्याच्या भरावाला जातात, म्हणून त्यांचा हिशेब द्यावा लागतो. तू आपल्या हातानं एक नेलीस ते चाललं. मी कशी पाठवणार? मागच्या कच्च्यांना कुत्रंसुद्धा विचारत नाही. पावसात ठेवली तर विरघळतात. म्हटलं, पोरीला दळायचीच आहेत, तर घ्या यातली."

"कच्ची," चिमटी म्हणाली.

"कच्चीच. भट्टीच्या वरच्या थरातली, दाराशी असलेली. त्यांना आच कमी लागते." मावशीनं दोन कौलं उचलली आणि तिच्या कानाशी धरून वाजवली. "ऐक. टण्ण. ही पक्की. थप्. ही कच्ची. बहिऱ्यालाही कळेल."

चिमटीनं दोन्ही कौलं हातात घेतली. कॉलेजात शिकलेलं, पुस्तकाच्या पानात राहून गेलेलं सगळं एकदम उठून समोर उभं राहिलं. मातीच्या पोटात, तिच्या कणाकणात पाणी बांधलेलं असतं. सातशे-आठशे अंशांच्या आचेला ते निघून जातं आणि माती अस्वस्थ होते, चुना दिसला की त्याला मिठी मारायला तयार. पण आच आणखी वाढवली की तिची नवी घडी बसते आणि ती कायमची थंडावते. मग तिला चुन्याचं सोयरसुतक नाही. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतोच. त्याला धरून ठेवणारं कोणी हवं होतं, आणि ते इथं भिंतीमागं टाकून दिलं जात होतं!

"मावशी, तू तीस वर्षं सोनं फेकतेयस!"

"मालकांना नको सांगूस," मावशी म्हणाली, "पगारातून कापतील."

चिमटीनं दोन पिशव्या भरल्या, एक टण्ण आणि एक थप्. संध्याकाळच्या आत दादांनी दोन्ही दळून दिल्या. तिनं प्रत्येकीत विरलेला चुना आणि पाणी कालवलं, दोन वाट्यांत थापलं, वर ओलं फडकं टाकलं आणि वाट्या प्रयोगशाळेतल्या कोमट ओव्हनमध्ये ठेवून ती घरी गेली. सिमेंटचा एक कण त्यात नव्हता. आता जे काही होईल ते मातीच्याच अंगच्या गुणानं होणार होतं.

सकाळी ती पाळी सुरू व्हायच्या आधीच हजर. पहिल्या, टण्णच्या वाटीत बोट घातलं; ओल्या वाळूसारखं भुसभुशीत. दुसऱ्या, थप्च्या वाटीवर तिनं नख ओढलं. ओरखडा उठला नाही. जोर लावला. नख मोडलं.

चक्कीजवळून जाणाऱ्या दादांना प्रयोगशाळेच्या काचेतून काय दिसलं असेल, तर एक चाळिशीची बाई एका हाताचं बोट तोंडात धरून, दुसऱ्या हातात वाटी उंच करून, खुर्चीभोवती गिरक्या घेतेय. ते धावत आत आले.

"ताई, लागलं का?"

"लागलं, दादा! लागलं!" आणि तिनं ती वाटी त्यांच्या हातात कोंबली.

साहेबांनी त्या वाटीवर आपली किल्ली घासून पाहिली. मग किल्लीचं टोक पाहिलं. मग खाली बसले.

"दोन प्रश्न," ते म्हणाले. "कच्चा माल निघतो कारण कोणाच्या तरी हातून चुकतं. चुका किती दिवस पुरतील? महिनाभर? पुढं काय? आणि दुसरं. हे गुलाबी आहे. मला स्वतःला आवडलं, पण गवंडी गुलाबी पोत्याकडं बघून नाक मुरडणार. भेसळ आहे म्हणणार."

चिमटीनं वाटी उचलली. मग म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

कौलांच्या कारखान्यात चार भट्ट्या होत्या, आणि कौलांना गिऱ्हाईक कमी झाल्यापासून त्यातल्या दोन थंड पडून होत्या. भट्टीवाला हा राखाडी मिशांचा, ताठ मानेचा माणूस. साहेबांनी त्याला समजावून सांगितलं, की आम्हाला थंड भट्ट्यांमध्ये माती भाजून हवी आहे, पण कच्ची.

"कच्ची म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण भाजायची नाही. आधीच थांबायचं."

भट्टीवाल्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याला चोरी करायला सांगितलं. "साहेब, माझ्या बापानं मला एकच शिकवलं, कच्चा माल काढू नकोस. आणि तुम्ही म्हणता मुद्दाम काढ?"

मावशीला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून ती हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "अहो, एवढी वर्षं कच्च्यापायी मालकांच्या शिव्या खाल्ल्यात तुम्ही. आता त्याच कच्च्याचे पैसे मिळतायत तर तोंड का वाकडं? जळण निम्मं लागेल. घरी वेळेवर जाल, बायकोला ओळख पटेल तुमची."

भट्टीवाला थोडा नरमला. "पण रंगाचं मी काही करू शकत नाही. माती तांबडी, ती तांबडीच निघणार."

"का?" मावशी म्हणाली. "त्या वर्षी राखाडी नव्हती का निघाली? सबंध भट्टीच्या भट्टी!"

"तो विषय आत्ता कशाला?"

"कुठल्या वर्षी?" चिमटी आणि साहेब एकदमच म्हणाले.

भट्टीवाल्यानं मिशीवरून हात फिरवला. शेवटी मावशीनंच सांगून टाकलं. भट्टी निवत असताना धुराड्याची झडप लागून बसली होती, आणि भट्टीवाले त्या दिवशी मेव्हण्याच्या लग्नात. जळणाचा धूर आतच कोंडला, बाहेरची हवा आत गेली नाही. दार उघडलं तर आठ हजार कौलं राखेच्या रंगाची. मालकांनी केवढा तमाशा केला होता!

चिमटीनं भट्टीवाल्याचे दोन्ही हात धरले. "काका, ती चूक पुन्हा करता येईल का? अगदी तशीच?"

"करता येईल," तो कसाबसा म्हणाला. "झडप मी हातानं लावीन. लग्नाला जायची गरज नाही."

पहिली भट्टी लागली तेव्हा चिमटीनं आत तापमापक खुपसून ठेवला होता आणि दर तासाला ती आकडा वहीत टिपत होती. साडेसातशेवर आग थांबवली, झडप बंद केली. तीन दिवसांनी दाराच्या विटा काढल्या. आतली गरम हवा तोंडावर आली, आणि मागोमाग दिसले मातीचे गोळे, थरावर थर, करडे, फिके, पावसाळी ढगाच्या रंगाचे. मावशीनं एक उचलून टिचकी मारली. थप्. दुसरा. थप्.

"सगळा वाया गेला बघ," ती आनंदानं म्हणाली.

मोठ्या चक्कीवरचा पहिला दिवस मात्र सरळ गेला नाही. भाजलेली माती क्लिंकरपेक्षा मऊ, त्यामुळे ती फारच बारीक दळली गेली आणि बारीक भुकटी पाणी पिऊ लागली. कारखान्याच्या अंगणात फरसबंदी करून बघायला आणलेल्या गवंड्यानं थापी फेकून दिली. "हे सिमेंट आहे की चिखल? थापीला सोडतच नाही!" चिमटीची पाचावर धारण बसली. पण दादांनी चक्कीच्या पोटाला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आत दोघांची पंगत एकत्र बसलीय, म्हणून घोटाळा आहे. मऊ आधी संपतं, कडक मागं राहतं. क्लिंकर वेगळं दळू, माती वेगळी, मग मिसळू." तसं केलं. वर मिश्रण सैल ठेवणारं थोडं औषध पाण्यात घातलं. गवंड्यानं थापी पुन्हा उचलली, दोन हात मारले, तिसरा मारला, आणि पुढं सरकत गेला. संध्याकाळी जाताना त्यानं विचारलं, "बाजारात कधी येणार?"

आता राहिली होती खरी परीक्षा, अठ्ठावीस दिवसांची. सिमेंटचा शेवटचा शब्द त्या दिवशी कळतो. असं मिश्रण सुरुवातीला साध्याच्या मागं राहतं आणि हळूहळू गाठत येतं, हे चिमटीला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सुईसमोर उभं राहणं वेगळं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब, दादा, दोन्ही पाळ्यांची माणसं, दारात भट्टीवाला, आणि सगळ्यांत पुढं, एकुलत्या खुर्चीवर, नवा चष्मा लावून बसलेली मावशी. आधी साध्या सिमेंटचा ठोकळा फुटला, सेहेचाळीसवर. साहेबांनी तो आकडा मोठ्यांदा वाचला. मग चिमटीनं करडा ठोकळा मशीनमध्ये ठेवला, नीट मधोमध, आणि दांडा खाली ओढला.

सुई चढू लागली. वीस. तीस. कोणी खोकलं, त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. चाळीस. आता सुई हळू झाल्यासारखी वाटू लागली, की चिमटीलाच तसं दिसत होतं कोण जाणे. त्रेचाळीस. पंचेचाळीस.

"ही आणखी किती वर जाते?" मावशीनं विचारलं.

"शूऽऽ!" सगळे एकदम म्हणाले.

सेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीसला एक बारीक चीर ठोकळ्याच्या अंगावरून धावत गेली आणि तो दुभंगला. मग दादांनी, ज्यांना त्या गर्दीत कोणाचं काही ऐकू आलं नसणार, सुई वाचून अशी आरोळी ठोकली, की बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवून विचारू लागला, काय झालं. चिमटीनं मावशीच्या गळ्यात हात टाकले. भट्टीवाला दारातूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझ्या भट्टीतला माल. मुद्दाम तसा काढलाय."

दुसरे दोन ठोकळे सत्तेचाळीस आणि एकोणपन्नासवर फुटले. साहेबांनी तिन्ही आकडे स्वतःच्या हातानं वहीत लिहिले, खाली सही केली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, क्लिंकरच्या कंपनीला फोन लावला.

"पुढच्या महिन्यापासून आमची मागणी तीस भाग कमी करा," ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साहेबांनी प्रयोगशाळेतल्या गर्दीवरून नजर फिरवली. दोन्ही पाळ्यांची माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"छे, छे, बंद कसला करतोय?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा फाटला. "उलट तिसरी पाळी सुरू करावी लागेल, अशी चिन्हं आहेत."